पाल, सरडा, घोरपड आणि इग्वाना: नागपूरकरांनो, या चुका टाळा

उन्हाळा लागला की नागपुरात कूलर निघतात आणि कूलरजवळ पाली पण, कारण तिथं ओलावा आणि किडे दोन्ही मिळतात. मग लोक ग्लू पॅड आणतात, उंदरासाठी ठेवतात आणि चिकटते पाल, ती तासन्‌तास तडफडते. चिकटलीच तर ओढू नका, कातडी सोलते. खायचं तेल थोडं थोडं सोडा, कापसाच्या काडीनं एकेक पाय मोकळा करा, नाकातोंडात तेल जाऊ देऊ नका. शेपूट तुटून वळवळली तर घाबरू नका, शत्रूचं लक्ष तिकडं जावं म्हणून पाल ती स्वतःच टाकते; नवीन येते, पण आत मणक्याऐवजी कूर्चा असते आणि शेपटीत साठवलेली चरबी गेलीच.

डांबरगोळ्या घरभर टाकणं तर बंदच करा, त्यांचा वास लहान लेकरांना बाधतो. त्यापेक्षा अंगणातला रात्रभर जळणारा लाईट बंद करा, एक्झॉस्टला जाळी लावा, दाराखालची फट बुजवा. किडे कमी, पाली कमी. दुधात पाल पडली तर दूध फेकायचंच, पण पालीला विष असतं म्हणून नाही, तिच्यासोबत साल्मोनेलाचे जंतू येऊ शकतात म्हणून.

सरड्याचा गळा लाल दिसला की पोरं दगड मारतात, रक्त पितो म्हणे. विणीच्या हंगामात नर तसा रंगतो, बस.

नवीन लेआउट शेतापर्यंत गेले, त्यामुळं घोरपड अंगणात येणारच. ती विषारी नाही, पण कोंडीत पकडली तर चावते, शेपटीचा फटका मारते. काठी घेऊ नका, जायला वाट मोकळी ठेवा, कुत्रा बांधा, नाहीच गेली तर वनविभागाच्या 1926 वर फोन करा. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल 1 मधे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, मारली तर किमान 3 वर्षं कैद. आणि ‘हत्ताजोडी’ म्हणून जे मूळ विकतात ते बरेचदा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, कोणी कितीही भाग्याचं सांगो, घेऊ नका.

आता सगळ्यात मोठी चूक. इग्वाना म्हणजे पाळायला विकत घेतात तो परदेशी मोठा सरडा. घेताना वितभर हिरवं पिल्लू असतं, पुढं शेपटीसकट पाच फुटापर्यंत जातं, पिंजरा पुरत नाही, मग लोकांना वाटतं अंबाझरी नाहीतर फुटाळा तलावाला सोडून देऊ, मोकळा जगेल. असं अजिबात करू नका! तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला प्राणी. फ्लोरिडात पाळीव सुटले-सोडले ते इतके वाढले की कालव्यांचे काठ बिळांनी पोखरतात, बागा खातात. आणि हे उलटंही होतं बरं, आपल्या बागेतल्या सरड्याचाच भाऊबंद सिंगापूरला पोचला आणि तिथला मूळचा हिरवा सरडा त्याच्यामुळं मागं हटला असं मानतात. म्हणजे इथला साधा प्राणी तिथं घुसखोर होतो, मग तिथला इथं काय करेल ते आधी कोणीच सांगू शकत नाही.

इग्वाना घरी असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करा, वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर ती लागते. सांभाळणं जमत नसेल तर सोडायच्या आधी वनविभागाशी बोला, सेमिनरी हिल्सला त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र) आहे, पुढं काय करायचं ते तिथं विचारता येतं. झाडावर मोकळा दिसला तर मागं धावू नका, फोटो काढा, नेमकी जागा लिहून ठेवा आणि 1926 ला कळवा.