एनक्लेक्सची तयारी, आणि ती सुरू होते आडनावापासून

एनक्लेक्स-आरएनला (अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन, व्हायची लायसन्स परीक्षा) बसायचं ठरवलं की सगळ्याजणी पहिलं विचारतात प्रश्नसंच कुठला घेऊ, पण त्याआधी कपाटातून कागद काढा. मार्कशीटवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं, हा घोळ आपल्या निम्म्याजणींचा असतो, आणि तो अर्ज भरायच्या आधीच निस्तरायचा, कारण सेंटरवर पासपोर्ट आणि एटीटीवरचं (परीक्षेला बसायच्या परवानगीपत्रावरचं) नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. फी 200 डॉलर, अमेरिकेबाहेर सेंटर घेतलं की वर आणखी 150, म्हणजे चूक महागात पडते. एटीटी आलं की लगेच तारीख घेऊन टाका, ते साधारण 90 दिवसच चालतं.

आता औषधं. एक वही घ्या आणि पहिल्या पानावर नुसती नावं लिहा, आपलं एकीकडे, तिकडचं दुसरीकडे. पॅरासिटामॉल म्हणजे ॲसिटामिनोफेन, ॲड्रिनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. मी इतकी वर्षं साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन दिलंय आणि पहिल्या मॉक टेस्टला अल्ब्युटेरॉल वाचून वाटलं हे कुठलं नवीन औषध आलं! मग प्रत्येक औषधापुढे एवढंच लिहा की देण्याआधी काय बघायचं, कधी होल्ड करायचं (डोस थांबवायचा), पेशंटला काय सांगायचं आणि अँटिडोट (उतारा) काय. डिगॉक्सिनला (हृदयाचं औषध) एपिकल पल्स, म्हणजे छातीवर स्टेथोस्कोप लावून ठोके, पूर्ण एक मिनिट, मोठ्या माणसात 60 च्या खाली असला तर होल्ड, पोटॅशियम कमी असेल तर टॉक्सिसिटी लवकर होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांत हेपॅरिनला एपीटीटी ही तपासणी आणि उतारा प्रोटामिन, वॉरफरिनला आयएनआर ही तपासणी आणि उतारा व्हिटॅमिन के. मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) चालू असलेल्या बाईचे नी-जर्क (गुडघ्याचा झटका), श्वास, युरिन आउटपुट बघायचं, आणि उतारा म्हणून हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट (लेबर रूम केलेल्यांना हे झोपेतही येतं). पोटॅशियम आयव्ही पुश (सिरिंजने थेट शिरेत) कधीच नाही. जीएनएमला (आपला नर्सिंग डिप्लोमा) लिहायचो तशी लांबलचक उत्तरं इथे कोणी मागत नाही.

गणितं रोज पाच तरी करा, स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो पण तो काय भागायचं ते सांगत नाही. वजन पाउंडात देतात, 2.2 ने भागा, 154 पाउंड म्हणजे 70 किलो. ड्रिपचं तर नीट वाचा, आपला हात 20 थेंबांच्या (एक एमएलला 20 थेंब) सेटवर बसलेला, तिकडे 10 किंवा 15 चाही असतो, 1000 एमएल 8 तासांत द्यायचं तर 20 च्या सेटला मिनिटाला 42 थेंब आणि 15 च्या सेटला 31.

सगळ्यात जास्त वेळ मात्र "आधी काय कराल" वाल्या प्रश्नांना द्या, कारण तिथे आपली वॉर्डातली सवय आडवी येते. आपण काही झालं की सरांना फोन लावतो, म्हणून डॉक्टरांना कळवा हा पर्याय दिसला की हात तिकडेच जातो. ब्लड चालू असताना पेशंटला थंडी वाजून कंबर दुखायला लागली तर आधी ब्लड बंद, नवीन सेटने नॉर्मल सलाइन, मग फोन. काम वाटून देण्याचंही तसंच, असेसमेंट आणि टीचिंग आरएनने स्वतःच करायचं, स्थिर पेशंटचं स्पंजिंग, भरवणं, बीपी-टेम्परेचर मदतनिसाला देता येतं. आपल्याकडे भरवायला नातेवाईक असतात त्यामुळे हे प्रश्न सुरुवातीला फार चुकतात, माझे तरी चुकले.

केस स्टडी एप्रिल 2023 पासून आल्यात, त्यामुळे जुन्या सीनियरकडून पुस्तकं घेताना साल बघून घ्या. पेपर 85 ते 150 प्रश्नांचा, 5 तास, मागचा प्रश्न परत उघडत नाही. 85 ला मशीन बंद पडलं म्हणून रडत बाहेर येऊ नका, तेव्हा पासही होतात आणि नापासही.

आणि आदल्या रात्री नाईट नको. इन्चार्ज सिस्टरना महिनाभर आधी सांगून ठेवा, एकदा ड्युटी चार्ट लागला की बदली कोण देतंय.