जुने हॉलिवूडचे मॉन्स्टर पिक्चर बघायचेत? ड्रॅक्युलापासून सुरू करू नका

बरेच जण युनिव्हर्सल स्टुडिओचे जुने मॉन्स्टर पिक्चर बघायचे म्हणून पहिला १९३१ चा ड्रॅक्युलाच लावतात आणि अर्ध्या तासात पेंगतात, मीपण पेंगलोय. बोलपट नुकते आले होते, पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यात गोष्ट नाटकावरून घेतलेली, त्यामुळे नंतर सगळे दिवाणखान्यात उभं राहून नुसतं बोलतात.

आधी फ्रँकेन्स्टाइन लावा. तोही १९३१ चाच, जेमतेम ७० मिनिटांचा. लाईट बंद, मोबाईल लांब. राक्षस पहिल्यांदा दिसतो तिथे नीट बघा, दारातून पाठमोरा आत येतो, हळूच वळतो आणि मग कॅमेरा सरकत वगैरे जात नाही, दोन झटक्यात थेट त्या चेहऱ्यावर. थोड्या वेळाने वरची खिडकी उघडतात तर हा उजेडाकडे हात वर करतो, लहान पोरानं चांदोबा मागावा तसा! राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफला अख्ख्या पिक्चरमध्ये एक वाक्य नाही. मेकअप जॅक पियर्सचा, तासन्तास बसावं लागायचं. आणि हो, फ्रँकेन्स्टाइन हे राक्षस बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव, राक्षसाला नावच नाही, सुरुवातीच्या पाट्यांमध्ये नटाच्या जागी पण नुसतं प्रश्नचिन्ह आहे.

लगेच दुसऱ्या दिवशी ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन, १९३५. दिग्दर्शक तोच, जेम्स व्हेल. यात राक्षस आंधळ्या म्हाताऱ्याकडे बोलायला शिकतो, मला विचाराल तर हाच सगळ्यात भारी. राक्षसासाठी बनवलेली नवरी मात्र अगदी शेवटी येते, वाट बघा.

मग व्हेलचाच इनव्हिजिबल मॅन, १९३३. अदृश्य माणूस झालेल्या क्लॉड रेन्सचा चेहरा शेवटीच दिसतो. गायब होण्याची ट्रिक म्हणजे काळ्या मखमलीच्या पडद्यापुढे माणूसही काळ्या मखमलीत गुंडाळायचा, वर कपडे चढवायचे आणि ते शूटिंग दुसऱ्या फिल्मवर चढवायचं, कॉम्प्युटर नसताना! ममी वेळ असेल तर बघा, पट्ट्या गुंडाळलेला कार्लोफ सुरुवातीला थोडाच वेळ आहे. वुल्फ मॅन १९४१ चा, पौर्णिमेला माणसाचा लांडगा होण्याची भानगड त्यात नाहीये, ती पुढच्या भागात आली.

आता ड्रॅक्युला लावा. एव्हाना जुन्या पिक्चरची चाल अंगवळणी पडलेली असते, ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी जिन्यावर उभा राहिला की खरंच गार वाटतं. त्याच सेटवर रात्री वेगळ्या नटांना घेऊन स्पॅनिश ड्रॅक्युला पण शूट झालाय, तोही मिळाला तर बघा, त्यात कॅमेरा जास्त हलता आहे. फक्त लुगोसीच्या तोंडात सुळे शोधत बसू नका, त्याला दिलेच नव्हते.