जुनी इनोव्हा घेताना: टोयोटाचं नाव आणि समोर उभी असलेली गाडी

सातारा-सांगली पट्ट्यात सात-आठ सीटची जुनी डिझेल गाडी घ्यायची म्हटलं की बोलणं फिरून इनोव्हावरच येतं. मागणी दांडगी, म्हणून भावही चढा. विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "टोयोटा आहे, काही होत नाही." हे नाव कंपनीनं कमावलेलं आहे, यात शंका नाही. पण पैसे तुम्ही एका विशिष्ट गाडीचे मोजणार आहात, आणि आधीच्या मालकानं ती कशी वापरली ते बोनेटवरच्या चिन्हावरून कळत नाही. म्हणून नाव कशावर उभं राहिलं ते आधी थोडक्यात, आणि मग तपासणी सविस्तर.

नाव कशावर उभं आहे

टोयोटाची मुळं कापडाच्या मागात आहेत. साकिची टोयोडा यांच्या १९२४ सालच्या स्वयंचलित मागाची खुबी अशी की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, सदोष कापड पुढे विणलंच जात नसे. १९२९ साली त्या मागाच्या पेटंट हक्कांचा इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सशी १ लाख पौंडांचा करार झाला. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३३ मध्ये मोटारींचा विभाग काढला, १९३६ मध्ये 'एए' ही पहिली प्रवासी मोटार आली आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्र झाली. युद्धानंतर ताइइची ओनो यांनी कारखान्याला शिस्त लावली ती दोन गोष्टींची: सुटे भाग लागतील तेव्हा आणि लागतील तेवढेच आणायचे, आणि दोष दिसला की कुणाही कामगारानं लाईन थांबवायची, कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. टिकाऊपणाचा लौकिक इथून आला.

आपल्या भागाचा या कंपनीशी एक जुना धागा आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांच्या गटानं टोयोटाशी भागीदारी केली, १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली आणि बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना आला. तिथून २००० साली क्वालिस निघाली. चांगली खपत असतानाच २००५ मध्ये ती बंद करून कंपनीनं तिच्या जागी इनोव्हा आणली.

या नावावर डागही आहेत, आणि ते माहीत असलेले बरे. आपोआप वेग वाढण्याच्या तक्रारींवरून २००९-१० मध्ये जगभर लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या प्रकरणात माहिती दडवल्याबद्दल २०१४ मध्ये अमेरिकेत १२० कोटी डॉलरचा दंड झाला. जानेवारी २०२४ मध्ये डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत गैरप्रकार उघड झाले आणि आपल्याकडेही इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स यांची रवानगी काही दिवस थांबली होती.

आणखी एक. चिन्ह टोयोटाचं असलं तरी गाडी टोयोटाचीच असते असं नाही. ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनो, रुमियन म्हणजे अर्टिगा, २०२० ची अर्बन क्रूझर म्हणजे ब्रेझा. गाड्या वाईट नाहीत, पण इनोव्हाच्या लौकिकाचा जादा भाव त्यांना देऊ नका.

कोणती इनोव्हा

२००५ ते २०१६ ची जुनी इनोव्हा: २४९४ सीसीचं डी-४डी डिझेल इंजिन, १०२ पीएस, पाच गिअर, मागच्या चाकांना ताकद, लॅडर फ्रेम (बॉडीखालचा शिडीसारखा वेगळा सांगाडा). या इंजिनाला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि वाल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) आहे. मे २०१६ पासूनची क्रिस्टा: डिझेलमध्ये सुरुवातीला २.४ लिटर मॅन्युअल किंवा २.८ लिटर ऑटोमॅटिक, दोन्हींना टायमिंग चेन. २०२२ च्या शेवटी आलेली हायक्रॉस वेगळीच जात आहे: मोनोकॉक बॉडी (वेगळी फ्रेम नाही), पुढच्या चाकांना ताकद, पेट्रोल किंवा पेट्रोल-हायब्रिड. तिला खालची डिझेलची तपासणी लागू होत नाही.

पेट्रोल जुनी इनोव्हा क्वचित मिळते. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच फिरणार असाल तर ती जरूर बघा, डिझेल इंजेक्टरचा (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचा) खर्च टळतो. सुरुवातीच्या वर्षांतल्या खालच्या व्हेरिएंट्सना एअरबॅग आणि एबीएस नाहीत. घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर या मुद्द्यावर तडजोड करू नका, भाव कितीही उतरवून मिळाला तरी.

इंजिन थंड असताना पोहोचा

"गाडी सुरू करून ठेवतो" म्हणणाऱ्याला नको म्हणा. सकाळी लवकर जा आणि बोनेटवर, मग सायलेन्सरवर हात ठेवून गार आहेत याची खात्री करा. त्यानंतर पुढच्या क्रमानं जा.

चावी 'ऑन'वर आणा, इंजिन सुरू करू नका. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस (ज्या व्हेरिएंटला आहेत त्यात) आणि जुन्या इनोव्हात टी-बेल्ट (म्हणजे टायमिंग बेल्ट) हे दिवे लागले पाहिजेत. एखादा लागतच नसेल तर तो काढून किंवा तोडून ठेवला असण्याची शक्यता धरा. इंजिन सुरू झाल्यावर सगळे विझले पाहिजेत.

पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिन धरलं पाहिजे. बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागत असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आत गरम करणारा भाग), थकलेले इंजेक्टर किंवा डिझेल लाईनमध्ये शिरणारी हवा, यांपैकी काहीतरी आहे. धुराचा रंग बघा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर लगेच जात असेल तर ठीक. तो राहिला आणि सोबत कच्च्या डिझेलचा वास आला तर इंजेक्टर. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर भसाभस काळा धूर म्हणजे एअर फिल्टर, ईजीआर (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारा वाल्व्ह), टर्बोचे पाईप किंवा पुन्हा इंजेक्टर.

मग इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण सोडून तिथंच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर हरकत नाही. उडून पडत असेल आणि तोंडातून फुसफुस धूर येत असेल तर रिंगा-बोअर झिजलेत, म्हणजे बोअर कामाचा खर्च तुमच्या गळ्यात. काही विकणारे घट्ट ऑइल भरून हा धूर तात्पुरता दाबतात, म्हणून इंजिन तापल्यावर हीच तपासणी पुन्हा करा.

रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन सुरू करण्याआधी, ते थंड असतानाच उघडायचं. आत टोयोटाचा गुलाबी कूलंट किंवा निदान स्वच्छ रंगीत कूलंट हवा. तांबूस गढूळ पाणी दिसलं तर बोअरवेलचं पाणी भरून गाडी पळवली आहे. क्षार साठून रेडिएटर अर्धा बुजलेला असू शकतो, आणि घाट चढताना काटा वर जायला लागला की ते कळतं.

टायमिंग बेल्ट आणि इंजेक्टर

जुन्या इनोव्हात मोठा फटका बसतो तो या दोन ठिकाणी, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ घालवा.

बेल्ट तुटला तर पिस्टन आणि वाल्व्ह एकमेकांवर आदळतात, हेड उघडावं लागतं. मुदत झाली की टी-बेल्टचा दिवा लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. पण तो दिवा बेल्ट न बदलताही रीसेट करता येतो. म्हणून तोंडी शब्द धरू नका, बिल मागा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि बेल्टसोबत आयडलर व टेन्शनर (बेल्ट फिरवणारी आणि ताणून धरणारी चाकं) बदलल्याची नोंद हवी. नुसता बेल्ट बदलून जुना टेन्शनर ठेवला असेल तर ते काम अर्धवट समजा. बिल नसेल तर बदलायचा खर्च भावातून सरळ वजा करा आणि गाडी घेतल्याच्या आठवड्यातच काम करून घ्या. कारखान्यात दोष दिसला की लाईन थांबते; लागलेला दिवा रीसेट करून पुढे पळणाऱ्या मालकाच्या हातात त्या सगळ्या शिस्तीचा उपयोग शून्य.

इंजेक्टरसाठी स्कॅनर असलेला मेकॅनिक सोबत न्या. इंजिन पूर्ण तापलेलं आणि आयडलवर असताना चारही सिलिंडरच्या इंजेक्टरची फीडबॅक व्हॅल्यू (इंजिन एकसारखं चालावं म्हणून प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय तो आकडा) बघायला सांगा. साधारणपणे ती उणे ३ ते अधिक ३ च्या आत असावी. एखादाच इंजेक्टर बाहेर असेल तर खर्च एका इंजेक्टरचा. चारही टोकाला गेले असतील तर पूर्ण संचाचा. नवा बसवताना त्याच्यावरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो, हे न करणाऱ्या गॅरेजचं काम टिकत नाही. इंजेक्टरच्या बुडाशी काळा, डांबरासारखा थर दिसला तर तांब्याची वॉशर गळते आहे. जळालेला वायू ऑइलमध्ये मिसळून काजळी होते, ती तळाच्या ऑइल पिकअपच्या जाळीत अडकते आणि इंजिनला ऑइल कमी पडतं. वॉशर स्वस्त असते. दुर्लक्ष केलं तर बेअरिंग जातात.

चढावर आणि उतारावर

साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट ट्रायलला उत्तम. सांगली-मिरजेकडे रस्ता सपाट, तिथे गाडीत सहा-सात माणसं बसवून हायवेला न्या.

चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबा. इंजिनाचे आरपीएम वाढतात पण गाडी त्या मानानं ओढत नाही, म्हणजे क्लच सरकतो. ओढ हजार-बाराशे आरपीएमनंतर हळूहळू वाढत जायला हवी. मध्येच अडखळली, धक्के दिले तर डिझेल पंपाचा सक्शन कंट्रोल वाल्व्ह किंवा तुंबलेला डिझेल फिल्टर. फिल्टर आधी बदलून बघायचा, तो स्वस्त आहे. एसी पुढचा-मागचा दोन्ही चालू ठेवा आणि तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो का ते पाहा. मागचा एसी गार होत नसेल तर खालून जाणाऱ्या पाईपची गळती शोधावी लागेल.

उताराला ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क वाकल्यात. खड्ड्यात पुढून 'टक्-टक्' आलं तर लोअर आर्मचे बुश, बॉल जॉईंट किंवा लिंक रॉड. पुढचे टायर आतल्या कडेला जास्त झिजले असतील तर हेच कारण असू शकतं. साठ-ऐंशीच्या वेगाला मागून येणारी एकसुरी शीळ पेडल सोडल्यावर बदलत असेल तर डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा).

पुराचं पाणी

सांगली आणि कृष्णाकाठच्या गावांत २००५, २०१९ आणि २०२१ ला पूर आला. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या, शिवाय पासिंग बदलत दूरवर गेल्या. म्हणून एमएच-१० (सांगली पासिंग) नसली तरी ही तपासणी चुकवू नका.

सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट पट्टा दिसतो. सीटच्या खालचे बोल्ट आणि रेल गंजलेत का, कार्पेट उचलल्यावर खाली गाळाचा बारीक थर आहे का, हेडलाईटच्या आत पाण्याची रेघ आहे का ते बघा. डॅशबोर्डखालचे दोन-तीन कनेक्टर सोडवून पिना पाहा: हिरवट-पांढरी पूड म्हणजे वायरिंगमध्ये पाणी होतं, आणि हे दुखणं दोन पावसाळ्यांनी वर येतं. डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. विम्याचे मागचे कागद मागा. पुराच्या पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस शून्यावर आला असेल तर क्लेम कशाचा होता ते लेखी विचारा.

गाडी रॅम्पवर चढवून फ्रेमही बघाच. ताजा काळा रंग मारलेला असेल तर त्याच्याखाली वेल्डिंग किंवा गंज आहे का ते नखानं खरवडून पाहा. फ्रेमला जोड असेल तर सोडून द्या.

किलोमीटर आणि कागद

अडीच-तीन लाख किलोमीटर फिरलेली इनोव्हा वाईट नसते. वाईट असते ती तीन लाख फिरून नव्वद हजार दाखवणारी. क्लच-ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज, ड्रायव्हर सीटची बाजू आणि टायरची तारीख (कडेवरचे चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) यांचा मीटरशी मेळ घाला. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मालकाकडून चासी नंबरवरचा इतिहास काढून घ्या.

आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर फ्रेमवर ठोकलेल्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. आधी टी परमिटला (टुरिस्ट टॅक्सीच्या परवान्याला) असलेली पिवळ्या प्लेटची गाडी पांढरी करून विकत असतील तर परमिट सरेंडर आणि कराचा फरक भरल्याचे कागद पूर्ण हवेत. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्यानं तिकडच्या इनोव्हा स्वस्तात येतात. त्यांना तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्यानं भरावा लागतो, तो धरून भाव ठरवा. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला फेरनोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर आहे.

इसार देण्याआधी परिवहनच्या साईटवर थकीत ई-चलन तपासा. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन एजंटकडे महिनोन् महिने पडलेली गाडी घेऊ नका. त्या काळात तिच्याकडून काही घडलं असेल तर मधला माणूस कागदावर नसतोच. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, आणि जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून नवा लावल्यावरच पहिला टोलनाका ओलांडा.