दर कामाची वेगळी मांडणी: फाइल मॅनेजर लावताना या चुका टाळा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लहान ऑफिसांत एकाच संगणकावर तीन तऱ्हेची कामं चालतात. पुनर्विकासाला गेलेल्या सोसायटीचे नकाशे, वाशीच्या मार्केटमधल्या व्यापाऱ्याची जीएसटीची बिलं आणि मधेच कुणाच्या तरी कार्यक्रमाचे फोटो. नकाशे तारखेच्या क्रमाने दिसायला हवेत, बिलं नावाच्या, आणि फोटोंची चित्रं मोठी. सकाळी नीट लावलेलं संध्याकाळी विस्कटलेलं दिसलं की दोष विंडोजला दिला जातो. खरं तर एक्सप्लोररला, म्हणजे विंडोजमध्ये फोल्डर ज्यात उघडतात त्या फाइल मॅनेजरला, ‘प्रकल्प’ ही गोष्टच ठाऊक नाही. त्याला फोल्डर कळतो आणि फोल्डरचा प्रकार कळतो. पुढच्या बहुतेक चुका यातूनच होतात.

‘अप्लाय टू फोल्डर्स’ रागाच्या भरात दाबणं

फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमधलं हे बटण सगळ्यात जास्त नुकसान करतं. समोरच्या फोल्डरची मांडणी ते त्याच प्रकारच्या सगळ्या फोल्डरांना लावतं आणि त्या प्रकारात तुम्ही एकेक करून केलेले बदल पुसून टाकतं. प्रकार पाच आहेत: जनरल आयटम्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज. नकाशांचा आणि बिलांचा फोल्डर दोन्ही ‘जनरल’ असतील तर एकाची मांडणी दुसऱ्यावर बसणारच.

म्हणून आधी प्रकार ठरवा. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ. तिथे ‘ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर’मध्ये नकाशांना जनरल आयटम्स, बिलांना डॉक्युमेंट्स, फोटोंना पिक्चर्स निवडा आणि खालच्या चौकोनात खूण करून तेच आतल्या फोल्डरांनाही लावा. मग प्रत्येक प्रकारातला एक फोल्डर मनासारखा मांडून ते बटण दाबा. आता त्याचा परिणाम त्या प्रकारापुरताच राहील.

प्रकार ठरवला नाही तर विंडोज आतल्या फाइली पाहून स्वतःच अंदाज बांधतं. साइटचे शे-दोनशे फोटो टाकले की नकाशांचा फोल्डर ‘पिक्चर्स’ होऊन बसतो आणि तारखेच्या जागी फोटो काढल्याची तारीख, टॅग असे रकाने येतात. ती माहिती फाइलीफाइलीतून वाचावी लागते. फोल्डर उघडायला खूप वेळ लागतो तो बऱ्याचदा यामुळेच. हार्ड डिस्क बदलण्याआधी हा प्रकार बदलून पाहा.

एकाच फोल्डरला दोन वाटांनी जाणं

सर्व्हरवरचा फोल्डर एकाने झेड ड्राइव्ह म्हणून जोडला आणि नंतर तोच सर्व्हरच्या नावाने उघडला, तर एक्सप्लोररच्या लेखी ते दोन वेगळे फोल्डर आहेत. प्रत्येकाची मांडणी वेगळी लक्षात राहते. ‘काल लावलं होतं, आज गेलं’ ही तक्रार आली की आधी वरच्या पट्टीतला पत्ता पाहा. ऑफिसात एकच वाट ठरवा आणि क्विक ॲक्सेसमध्ये (डावीकडच्या आवडत्या फोल्डरांच्या यादीत) तीच पिन करा.

ही आठवण अमर्याद नसते. साधारण ५ हजार फोल्डरांपर्यंतच ती जपली जाते. जुने प्रकल्प वर्षानुवर्षं उघडत राहिलात तर नव्यांची मांडणी टिकेनाशी होते. शेवटचा उपाय म्हणजे रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) ‘बॅग्ज’ आणि ‘बॅग-एमआरयू’ या नोंदी आधी एक्स्पोर्ट करून मग काढणं आणि संगणक पुन्हा सुरू करणं. सगळ्या फोल्डरांची मांडणी त्यात जाते, तेव्हा हे पहिल्या फटक्यात करू नका.

जे सगळीकडे सारखं असतं ते फोल्डरपुरतं समजणं

यादी की चित्रं, कशाच्या क्रमाने, कुठले रकाने हे फोल्डरागणिक राहतं. प्रीव्ह्यू पेन (निवडलेली फाइल न उघडता दाखवणारा उजवीकडचा कप्पा) आणि डावीकडचा नेव्हिगेशन पेन मात्र सगळ्या खिडक्यांना एकच. फोटोंसाठी उघडलेला प्रीव्ह्यू पेन बिलांच्या खिडकीतही येतो आणि तिथे त्रास देतो: पेनमध्ये दिसत असलेल्या पीडीएफचं नाव बदलायला गेलं की ‘फाइल वापरात आहे’ असं उत्तर मिळतं. अकरा तारखेच्या आदल्या रात्री, जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण भरायच्या घाईत, हे हमखास घडतं. ऑल्ट आणि पी दाबून पेन बंद करा, नाव बदला.

उलट प्रीव्ह्यू दिसतच नसेल तर कारण वेगळं. ऑक्टोबर २०२५च्या सुरक्षा अपडेटपासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींचा प्रीव्ह्यू विंडोज दाखवत नाही. पाठवणारा खात्रीचा असेल तरच प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करा.

विंडोज ११मध्ये जुना टूलबार शोधत बसणं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि अनेक ऑफिसं ११वर गेली. १०मध्ये खिडकीच्या वर आपली बटणं लावता येत होती, टास्कबारवर फोल्डरचा टूलबार करता येत होता. ११मध्ये दोन्ही नाहीत, आणि वरच्या पट्टीतली बटणं बदलायची सोयही नाही. रजिस्ट्रीत उचकापाचक करण्यापेक्षा प्रकल्पागणिक एक बॅच फाइल (ओळीने आज्ञा लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल) करा, म्हणजे एका डबल-क्लिकवर त्या कामाचे सगळे फोल्डर उघडतील.

तिथल्या चुका ठरलेल्या आहेत. ‘स्टार्ट’ या आज्ञेनंतर अवतरणचिन्हांत थेट पत्ता दिला तर विंडोज त्याला खिडकीचं शीर्षक समजतं आणि फोल्डरऐवजी नुसती काळी खिडकी उघडते. आधी रिकामी अवतरणचिन्हांची जोडी, मग स्पेस, मग अवतरणचिन्हांत पत्ता. फोल्डरचं नाव मराठीत असेल तर अक्षरं नीट वाचली जावीत म्हणून बॅच फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा आणि सर्वांत वर सीएचसीपी ६५००१ ही ओळ घाला (अक्षरं-आकडे अर्थात इंग्रजीत). नावात टक्क्याचं चिन्ह असेल तर ते दोनदा लिहावं लागतं.

टोटल कमांडरमध्ये एकाच बारवर सगळं कोंबणं

खऱ्या अर्थाने प्रकल्पागणिक टूलबार हवा असेल तर टोटल कमांडरसारखा दोन कप्प्यांचा मॅनेजर लागतो. तिथे लोक मूळ बारमध्येच चाळीस बटणं भरतात. त्यापेक्षा मूळ बारवर दर प्रकल्पाचं एकच बटण ठेवा आणि त्यातून त्या प्रकल्पाचा उप-बार उघडू द्या. उप-बारवर परतीचं बटण आहे ना, हे तपासा. टॅबही तसेच: टॅबवर राइट-क्लिक करून ते फाइलमध्ये सेव्ह करा आणि कामाच्या वेळी तीच फाइल लोड करा.

बटणाच्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे बटण जो प्रोग्रॅम चालवतं त्याला दिलेल्या माहितीत, टक्क्यापुढचं अक्षर मोठं की लहान याने फरक पडतो. मोठा एन पूर्ण नाव देतो, छोटा एन जुन्या पद्धतीचं आठ अधिक तीन अक्षरांचं नाव. मोठा पी फोल्डरचा पत्ता शेवटच्या बॅकस्लॅशसकट देतो. तो अवतरणचिन्हांत घालून रोबोकॉपीला (विंडोजच्या फाइली कॉपी करणाऱ्या आज्ञेला) दिला तर बॅकस्लॅश आणि अवतरणचिन्ह एकत्र वाचलं जातं आणि पुढचं सगळं बिघडतं. बंद होणाऱ्या अवतरणचिन्हाआधी आणखी एक बॅकस्लॅश घाला.

सेव्ह केलेल्या टॅबमध्ये पूर्ण पत्ता असतो. पोर्टेबल डिस्क आज ई, उद्या एफ झाली की सगळे टॅब रिकामे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला पी किंवा आर असं वर्णमालेतलं लांबचं अक्षर कायमचं द्या, म्हणजे दुसऱ्या पेन-ड्राइव्हशी भांडण होणार नाही.

दोन मॉनिटर ठाण्यात, लॅपटॉप ऐरोलीत

ऑफिसात दुसऱ्या मॉनिटरवर ठेवलेली खिडकी घरी टास्कबारवर दिसते, पडद्यावर नाही. ऑल्ट-टॅबने ती निवडा, ऑल्ट-स्पेस दाबा, मग एम, मग कुठलाही एक बाण, आणि माउस हलवा. खिडकी माउसला चिकटून येते. एम चालत नसेल तर ती मॅक्सिमाइझ आहे. आधी आर दाबून लहान करा. टोटल कमांडरमध्ये खिडकी जागेवर आणल्यावर कॉन्फिगरेशन मेन्यूतून ‘सेव्ह पोझिशन’ करा, मात्र ते मॉनिटर जोडलेले असताना, ऑफिसात.