जर्मनीत मोबाइलचा खर्च कसा आवरला: माझा अनुभव

आखेनला शिकायला आले, त्याच आठवड्यात एका दुकानात मोबाइलच्या करारावर सही करता करता थांबले. महिन्याचा आकडा छान होता, पण खाली बारीक अक्षरांत मुदत होती २४ महिने. दुकानात बसून केलेला करार मागे घेण्याचा कायदेशीर हक्क तिथे नसतो. ऑनलाइन केलेल्याला १४ दिवस मिळतात. म्हणून म्हणते, कागद आधी घरी आणून वाचा.

मग आल्डी या सुपरमार्केटमधून प्रीपेड सिम घेतलं. प्लॅन चार आठवड्यांचा असतो, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. हिशेब तसाच धरा. खरा घोळ झाला तो ओळख पटवताना. २०१७ पासून प्रीपेडलाही ती सक्तीची आहे. व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट तिरका करून त्यावरची चमकणारी नक्षी दाखवायची होती. माझ्या खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली काही केल्या ती दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी उभी राहिले, आणि पाच मिनिटांत काम झालं.

डेटा सगळ्यात लहान घेतला. विद्यापीठात एज्युरोम वायफाय आहेच, ते इतर विद्यापीठांतही आपोआप जोडलं जातं.

आणि भारतातलं सिम बंद करू नका हो! बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या, इथे डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा. व्हॉट्सअॅपही जुन्याच नंबरावर ठेवलंय, आईला नवा नंबर शोधावा लागत नाही.