तीन वर्षांच्या एलएलबीवाल्यांनो, लॉ फर्मचं वेळापत्रक आधी समजून घ्या

सीव्ही एका पानात बसवा, कव्हर लेटर छोटं ठेवा, स्पेलिंग दोनदा तपासा. कॉर्पोरेट लॉ फर्ममध्ये इंटर्नशिप मिळवायला हे लागतं, ते तुम्हाला माहीत असणार, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. फक्त एक सांगते: अमरचंद या जुन्या, मोठ्या लॉ फर्मची 2015 मध्ये वाटणी होऊन सिरिल अमरचंद मंगलदास आणि शार्दूल अमरचंद मंगलदास अशा दोन स्वतंत्र फर्म झाल्या. एकीच्या नावाचं पत्र दुसरीला गेलं, की पुढचं कुणी वाचत बसत नाही.

मला बोलायचंय ते वेळापत्रकाबद्दल. पदवीनंतर एलएलबीला आलेल्या मुलामुलींना ते सहसा कुणी समजावून सांगत नाही.

मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप साधारण दोन प्रकारच्या असतात. साध्या इंटर्नशिपमध्ये महिनाभर काम करायचं, सर्टिफिकेट घ्यायचं आणि निघायचं. असेसमेंट इंटर्नशिपमध्ये मात्र तुम्हाला घ्यायचं की नाही हे ठरवण्यासाठीच बोलावलेलं असतं आणि काम पसंत पडलं तर पीपीओ, म्हणजे पदवीआधीच नोकरीचा प्रस्ताव, मिळतो. आत बसल्यावर दोन्हींत काही फरक जाणवत नाही. मजला तोच, टीम तीच, रात्रीचं जागरणही तेच. फरक असतो तो एचआरच्या यादीत आणि त्या यादीत सगळ्यात महत्त्वाचं असतं तुमच्या पदवीचं वर्ष.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांतली पाच वर्षांच्या कोर्सची मुलं कॅम्पसमधून बहुतेक वेळा पदवीच्या वर्षभर किंवा त्याहूनही आधी घेतली जातात. म्हणजे तुम्ही तिसऱ्या वर्षात पाऊल ठेवता तेव्हा तुमच्या बॅचच्या बऱ्याच जागा भरलेल्या असतात. आपलं पहिलं वर्ष कायद्याची भाषा अंगवळणी पडण्यात जातं, दुसऱ्यात कंपनी कायद्याची गोडी लागते आणि तिसऱ्यात वाटतं, आता अर्ज करावा. फर्मच्या हिशेबाने तोवर उशीर झालेला असतो.

मी तिसऱ्या वर्षात मुंबईतल्या एका मोठ्या फर्ममध्ये महिना काढला. टीमला माझं काम आवडलं. सीनियर असोसिएटने, म्हणजे फर्ममध्ये नोकरीला असलेल्या अनुभवी वकिलाने, आपणहून एचआरकडे शब्द टाकला. उत्तर आलं, या बॅचच्या जागा भरल्यात आणि हिची इंटर्नशिप असेसमेंटची नव्हतीच. मला कुणी फसवलं नव्हतं. कन्फर्मेशनच्या मेलमध्ये ‘इंटर्नशिप’ एवढंच लिहिलेलं होतं. पण ते आठवलं की आजही जीव तळमळतो आणि दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

म्हणून कन्फर्मेशन आलं की त्याच मेलला उत्तर देताना विचारा: माझी पदवी अमुक साली पूर्ण होते, ही इंटर्नशिप त्या वर्षीच्या भरतीसाठी धरली जाईल का, आणि कोणत्या टीमसोबत असेल? यात उद्धटपणा अजिबात नाही. एचआरला रोज असले प्रश्न येतात. ‘नाही’ असं उत्तर आलं तरी जा, पण काय मिळणार आहे हे समजून जा.

अर्ज करतानाच घ्यायची काळजी वेगळी. ‘मी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे’ असं नुसतं लिहू नका. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाच वर्षांच्या कोर्समधली, बारावीनंतर आलेली मुलगी उभी राहते. तिला अजून तीन वर्षं आहेत, तेव्हा तिचा अर्ज बाजूला पडतो. मेलच्या विषयातच लिहा: तीन वर्षांचा एलएलबी, दुसरं वर्ष, पदवी अमुक साली. सीव्हीतही नावाच्या लगेच खाली तेच.

आता उलटं मोजा. बार काउन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे इंटर्नशिप लागते, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही आणि संपूर्ण अभ्यासक्रमात एकदा तरी कोर्टात काम करणाऱ्या वकिलाकडे जावं लागतं. त्या अटीला अडचण समजू नका. पहिल्या वर्षी एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, उभं राहणारा वकील गाठा, म्हणजे नियमही पाळला जातो आणि दिवाळखोरी संहिता, कंपन्यांची भांडणं जवळून दिसतात. दुसरं वर्ष सुरू होताच मध्यम आकाराची फर्म. असेसमेंटची इंटर्नशिप दुसरं वर्ष संपताच व्हायला हवी आणि तिचा अर्ज पाच-सहा महिने आधी गेलेला असावा. घाई वाटेल. करा.

आत गेल्यावर काय करायचं असतं? बहुतेकांच्या वाट्याला ड्यू डिलिजन्स, म्हणजे सौद्याआधी कंपनीच्या कागदपत्रांची तपासणी, येतं. समजा, एका खासगी कंपनीने गुंतवणूकदाराला प्रायव्हेट प्लेसमेंटने, म्हणजे सगळ्यांना खुली विक्री न करता निवडक लोकांना देऊन, शेअर दिले. तुमच्यापुढे स्कॅन केलेल्या कागदांचा ढीग येतो. बँक स्टेटमेंटमधून पैसे जमा झाल्याची तारीख काढायची, बोर्डाच्या ठरावातून वाटपाची आणि पीएएस-3 (शेअर वाटपाची माहिती सरकारकडे देण्याचा फॉर्म) च्या पावतीवरून फॉर्म भरल्याची. कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 नुसार पैसे आल्यापासून 60 दिवसांत वाटप व्हायला हवं, नाहीतर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत करायचे. वाटपानंतर 15 दिवसांत पीएएस-3 भरायचा. तीन तारखा तीन रकान्यांत मांडा, कुठली चुकली ते चौथ्यात लिहा आणि कागद सापडला नाही तर ‘सापडला नाही’ असंच लिहा. अंदाजाने भरलेला रकाना सीनियरच्या लगेच लक्षात येतो.

याचा सराव घरबसल्या आणि फुकट होतो. सेबीच्या संकेतस्थळावर आयपीओसाठी दाखल झालेले डीआरएचपी, म्हणजे कंपनीची सगळी माहिती देणारे मसुदा दस्तऐवज, असतात. त्यातलं भांडवल रचनेचं प्रकरण उघडा. प्रत्येक वाटप तारखेनिशी दिलेलं असतं. मग जोखमींचं प्रकरण वाचा. कंपनीने कुठले फॉर्म उशिरा भरले, कुठले जुने कागद मिळत नाहीत, हे तिथे अनेकदा सापडतं. मुलाखतीत एखाद्या डीआरएचपीबद्दल नेमकं बोलता आलं, तर पैसे भरून मिळवलेल्या दहा सर्टिफिकेटांपेक्षा ते भारी पडतं. त्या सर्टिफिकेट कोर्सांच्या जाहिरातींचा मला खरोखर राग येतो. घाबरलेल्या मुलांच्या खिशात हात घालण्याचा धंदा आहे तो.

मार्गदर्शक शोधत असाल तर पार्टनरच्या मागे लागू नका. दोन-तीन वर्षं काम केलेला असोसिएट शोधा. अर्ज कुणाच्या टेबलावर जातात, कोणत्या टीमला माणसं हवीत, हे त्याला ठाऊक असतं आणि तो उत्तरही देतो. ओळखीने पहिली इंटर्नशिप मिळत असेल तर संकोच न करता घ्या. पीपीओ ओळखीवर मिळेल, या आशेवर मात्र राहू नका.

आणि सीव्हीत अशिलाचं नाव कधीही टाकू नका. सौदा जाहीर झालेला नसेल आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर ती माहिती बाहेर पडणं हा थेट सेबीच्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांचा मामला होतो. ‘एका सूचीबद्ध औषध कंपनीच्या शेअर खरेदीसाठी ड्यू डिलिजन्स’ एवढं पुरतं. जो इंटर्न जुन्या फर्मची गुपितं सांगतो तो आपलीही सांगेल, हे समोरच्याला लगेच कळतं.

तिसऱ्या वर्षात असाल आणि हे वाचून पोटात गोळा आला असेल, तर घाबरून जाऊ नका. मध्यम आणि लहान फर्म गरजेप्रमाणे वर्षभर माणसं घेतात. तिथे वर्ष-दोन वर्षं नीट काम करून मोठ्या फर्ममध्ये गेलेले असोसिएट भरपूर आहेत. माझी सुरुवातही लहान फर्ममध्येच झाली आणि पहिल्या काही महिन्यांत अख्खा शेअर खरेदी करार हाताखालून गेला. मोठ्या टीममध्ये तो इतक्या लवकर हाती लागला नसता.

अर्जाला उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्याच जुन्या मेलला उत्तर देऊन, म्हणजे सीव्ही पुन्हा शोधावा लागत नाही. सोबत एक नवी गोष्ट कळवा: लागलेला निकाल, संपलेली इंटर्नशिप किंवा मोकळ्या झालेल्या तारखा.