चर्चमध्ये मोठ्यांचा क्लास घ्यायचाय? मग रापणीपासून सुरू करा

मी मालवणकडचा, रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर मोठ्यांचा धर्मशिक्षणाचा क्लास घेतो. पहिलं वर्ष पार फुकट गेलं कारण मी तासभर एकटाच बोलायचो आणि मंडळी पंख्याकडे बघत बसायची. ज्याने तीस वर्षं दर्यात काढलीत त्याला 'समजलं का?' विचारलं तर तो मान डोलावणार आणि घरी जाणार, दुसरं काय करणार.

आता मी असाच उतारा घेतो ज्यातलं काहीतरी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. उदाहरणार्थ बायबलमधल्या मत्तय 13 मधला जाळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली छोटी गोष्ट, जाळं समुद्रात टाकलं, सगळ्या जातीचे मासे आले, मग किनाऱ्यावर ओढून लोक बसले आणि चांगले भांड्यात, वाईट फेकून. ही तर सरळसरळ रापण, म्हणजे मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढायची आमची मासेमारी! मी फक्त विचारलं, ओढताना आतला मासा निवडता येतो का? सगळे हसले, निवड होते ती वाळूवर. मग म्हटलं पुढे वाचा, निवडतंय कोण? देवदूत. म्हणजे बाजूच्या बाकावरचा चांगला की वाईट हे ठरवायचं काम आपलं नाही, हे मला सांगावंच लागलं नाही, एका मावशीनेच सांगितलं.

सगळ्यात रंगतो तो बायबलमधलाच प्रेषितांची कृत्ये 27, प्रेषित पौलाचं जहाज फुटतं तो. वादळात चौदा दिवस, आणि मध्यरात्री खलाशी बुडीद (वजन बांधलेली दोरी) टाकून पाण्याची खोली मोजतात, आधी 20 वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), थोडं पुढे 15. इथे थांबा आणि विचारा, याचा अर्थ काय? आमच्याकडे एक तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, जो वर्षभर एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, 'किनारो जवळ इलो, आता खडकार आपटतली.' पुढच्याच ओळीत तेच, खडकाच्या भीतीने वरामावरून म्हणजे मागच्या बाजूने चार नांगर टाकले! मागूनच का, यावर वीस मिनिटं चर्चा चालली, मी फक्त ऐकत होतो. मग खलाशी नांगर टाकायचं निमित्त करून होडीतून पळायला बघतात तिथे वर्ग गप्प झाला, कारण 276 जणांच्या बुडत्या जहाजावर बाकीच्यांना सोडून पळणं म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

ही काही माझी नवी आयडिया नाही हां. गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची गोष्ट, मराठी ओवीत लिहिलं, ते 1616 साली छापलं गेलं, कारण लोकांच्या कानाला ओवीची सवय होती.

बाकी छोट्या गोष्टी. खुर्च्या गोल लावा. कोणाला अचानक उभं करून वाचायला लावू नका, चष्मा विसरलेला असतो, कधी वाचताच येत नाही आणि माणूस पुढच्या रविवारी गायब होतो, जो हौसेने वाचतो त्यालाच द्या. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा, शांतता झाली म्हणून लगेच स्वतःच उत्तर देऊ नका (मला हे अजून जमत नाही). एक दिवसाला एकच उतारा, पाऊण तास बास. सलग क्लास लावायचे तर जून-जुलै, तेव्हा पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि माणसं घरी असतात, आंब्याच्या सीझनला लावलात तर रिकाम्या खुर्च्यांना शिकवावं लागेल.

आणि एखाद्याने विचारलं की माझा भाऊ वादळात गेला तेव्हा देव कुठे होता, तर बायबलचं वचन तोंडावर फेकून मारू नका. मी एकदा मारलं होतं. ती बाई उठून गेली, आणि दोन महिन्यांनी आली ती मी तिच्या घरी जाऊन बसलो, काहीच न बोलता चहा प्यायलो, त्यानंतर.